खुर्चीतला माणूस आणि चुलीपुढची बाई



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे विद्यार्थी त्यांच्याविषयी एक गोष्ट नेहमी सांगतात. मूल शाळेत येईनासं झालं की गुरुजी आईबापांना बोलावणं धाडत नसत. स्वतः त्याच्या घरी जात, आणि तेही मूल ज्या वाटेने येतं त्याच वाटेने. वाटेत व्हाळ लागतो का, पावसात त्याला पाणी किती चढतं, साकव धड आहे का, हे त्यांना आधी बघायचं असे. आईबापांशी बोलणं त्यानंतर.

आज मला याच कामाविषयी बोलायचं आहे. एखादी वस्तू घडवायची असेल किंवा असलेली सुधारायची असेल, तर ती ज्याच्या हातात जाणार त्याला बघायचं कसं आणि विचारायचं कसं? डिझाइनच्या शाळांमध्ये हा आता रीतसर शिकवला जाणारा विषय आहे. मुंबईच्या आयआयटीत १९६९ साली औद्योगिक डिझाइनचं केंद्र सुरू झालं; त्याच्या आधी, १९६१ साली, अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. या संस्थेमागे चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याचा १९५८ सालचा अहवाल होता. देशभर हिंडून आल्यावर या दोघांना सर्वांत देखणी, सर्वांत विचारपूर्वक घडलेली वस्तू कोणती वाटली असेल? आपला तांब्या. तो कमरेवर कसा बसतो, रिकामा असताना आणि भरलेला असताना त्याचा तोल कसा राहतो, तो आतून घासता येतो का, असे कितीतरी प्रश्न त्यांनी त्या एका भांड्याला विचारले. तो एका माणसाने घडवलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी घडवला आहे, हे त्यांनी ओळखलं.

माझं म्हणणं मात्र थोडं पुढचं आहे, आणि ते सुरुवातीलाच सांगून टाकते. आपल्याकडे वस्तू फसते ती कारागीर कच्चा असतो म्हणून क्वचितच. ती फसते, कारण आपण विचारतो एकाला आणि वापरणारा असतो दुसराच. जो बोलतो तो वापरत नाही, आणि जी वापरते तिला कुणी बोलतं करत नाही.

काजूपासून सुरुवात करू. इथलं, म्हणजे वेंगुर्ल्याचं, प्रादेशिक फळ संशोधन केंद्र १९५७ सालचं. वेंगुर्ला-१, वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७, वेंगुर्ला-८ या जातींनी या गावाचं नाव देशभरच्या काजूबागांत नेलं. वेंगुर्ला-१ची बी साधारण सहा ग्रॅमची, वेंगुर्ला-७ची दहा ग्रॅमची, वेंगुर्ला-८ची त्याहूनही जड. बागायतदाराला मोठी बी हवी होती, व्यापाऱ्याला मोठा गर हवा होता, आणि शास्त्रज्ञांनी तो दिला. हे मोठंच काम आहे. त्यात उणं काढायला मी उभी नाही.

पण बागेतून निघालेली बी पुढे कुणाच्या हातात जाते? या तालुक्यातल्या एका कारखान्यात मी कटिंगच्या टेबलाशी बसून होते. यंत्र साधंच असतं. एका हाताने बी दोन पात्यांच्या मध्ये ठेवायची, पायाने पॅडल दाबलं की पाती टरफलात शिरतात, दुसऱ्या हाताने दांडा ओढला की टरफल फाकतं आणि गर मोकळा होतो. सांगायला जेवढा वेळ लागला त्याच्या आत तिथल्या बायका दोन-तीन बिया फोडून मोकळ्या होतात. पात्यांची खोबण ठरावीक मापाची असते. बी तिच्यापेक्षा मोठी आली की पातं गरात शिरतं. लहान आली की टरफल नीट चिरतच नाही. म्हणून बी आधी चाळून आकारावारी वेगळी करावी लागते. चाळणी ढिली झाली की त्याचा भुर्दंड कटिंगवालीला बसतो, कारण तिची मजुरी किलोवर, आणि अख्ख्या गराचा भाव वेगळा, पाकळीचा वेगळा.

टरफलात तेल असतं. ते कातडीला भाजतं, बोटं काळी पडतात, सालं निघतात. व्यवस्थापकांना मी विचारलं, तर ते अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, ‘आम्ही हातमोजे देतो हो, पण बायका घालीत नाहीत. सवय नाही ना त्यांना.’ हे उत्तर मी वहीत लिहून घेतलं असतं आणि परत गेले असते, तर माझ्या अहवालात एक शिफारस आली असती: कामगार स्त्रियांचं प्रबोधन करावं. टेबलाशी बसल्यावर दिसलं ते निराळंच. बहुतेकींनी मोजे घातले होते, पण अंगठा आणि पहिलं बोट यांची टोकं कात्रीने कापून टाकली होती. का? एकीने हातातली बी माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, ‘मोजे घातल्यार बियेचा पोट खंय ता कळना नाय.’ बीचा बाक कुठल्या बाजूला आहे ते बोटाला लागलं तरच ती पात्यांत सरळ बसते. डोळ्यांनी बघत बसायला वेळ नाही. ते काम बोटांचं. नेमकं तेच बोट मोज्याने आंधळं केलं होतं. उरलेल्या बोटांना मोजा हवा आहे, आणि तो त्या घालतातच. म्हणजे मोज्याचं डिझाइन त्यांनी आधीच दुरुस्त करून ठेवलं होतं. कात्री कुठे चालली एवढं कुणी तरी बघायला हवं होतं.

त्याच टेबलाखाली वाकून पाहिलं तर आणखी गोष्टी सापडल्या. दांड्याला जुन्या लुगड्याची चिंधी घट्ट गुंडाळलेली. पॅडल दाबणाऱ्या पायाच्या शेजारी, दुसऱ्या पायाखाली, एक चिरा. स्टुलावर गोणपाटाची घडी. पॅडल एकाच पायाने दिवसभर दाबायचं, म्हणून कंबर एका बाजूला कलते. चिरा ठेवला की ती थोडी सरळ होते. यातलं काहीच कुणी मला तोंडाने सांगितलं नाही. ‘काही त्रास आहे का?’ या प्रश्नाला सगळ्या जणींनी ‘काय तरास नाय, बरा आसा’ असंच उत्तर दिलं होतं.

हे ‘बरा आसा’ आपण नीट समजून घेतलं पाहिजे. कोकणात घरी आलेल्या माणसाचं मन मोडत नाहीत. बाहेरून कुणी आलं, वही काढली, आणि विचारलं की वस्तू कशी वाटते, तर ती चांगलीच आहे असं सांगणं हा शिष्टाचार झाला. त्यात हा माणूस योजनेचा असेल, बँकेचा असेल, उद्या याच्याकडेच काम पडेल, हा हिशेबही असतो, आणि तो रास्त आहे. शिवाय आपण घरात शिरलो की पहिल्यांदा खुर्ची बाहेर येते. खुर्चीसमोर दुसरी खुर्ची येते, तिच्यात घरचा पुरुष बसतो, आणि मुलाखत सुरू होते. चुलीविषयी विचारा, तो बोलतो. पाण्याविषयी विचारा, तो बोलतो. दाराआड उभ्या असलेल्या बाईला मुद्दाम विचारलं तर ती म्हणते, ‘माका काय कळता? ह्येंका इचारा.’ मी स्त्री आहे म्हणून मला माजघर ओलांडून आत जाता आलं; माझ्या पुरुष सहकाऱ्यांना ते सहज जमत नसे. नंतर आम्ही ठरवूनच टाकलं की खुर्ची नाकारायची नाही, पण तिच्यात फार वेळ बसायचंही नाही. आत काही निवडायचं, सोलायचं काम चाललेलं असतंच. ते हातात घेतलं की बोलणं आपोआप सुरू होतं.

चुलीचीच गोष्ट घ्या. निर्धूर चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला आणि २००२ च्या सुमारास गुंडाळला गेला. देशभरात तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. हेतू उत्तम होता: बाईच्या फुप्फुसात जाणारा धूर कमी करायचा, जळण वाचवायचं. प्रयोगशाळेत त्या चुली चांगल्या जळत. तरी त्यातल्या असंख्य चुली थोड्याच काळात मोडल्या, बुजवल्या किंवा कोपऱ्यात पडून राहिल्या. तालुक्याला उद्दिष्ट दिलेलं, उद्दिष्टाला अनुदान जोडलेलं, आणि मोजणी होई ती बसवलेल्या चुलींची. पेटलेल्या चुली मोजायला कोण जाणार?

आता भाकरी करणारीच्या शेजारी बसून बघा. तव्यावर भाकरी दोन्ही बाजूंनी शेकली की ती तवा बाजूला सारते आणि भाकरी चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यापुढे उभी करते. तिथे ती फुगते. त्यासाठी चुलीचं तोंड रुंद लागतं आणि निखारा बाहेर ओढता आला पाहिजे. नव्या चुलीचं तोंड अरुंद, कारण हवेचा ओढा नीट राहावा असं गणित होतं. मग भाकरी फुगवायची कुठे? बाईने कोयत्याने तोंड वाढवलं. तोंड वाढलं की ओढा गेला, ओढा गेला की धूर परत घरात. अहवालात याची नोंद ‘लाभार्थीने चुलीची नासधूस केली’ अशी होते.

आणि जळण. आपल्याकडे चुलीत काय जातं? माडाची चुडतं, सोडणं, करवंट्या, काजूच्या फांद्या. चुडत सलग आत सारायचं, आच कमी करायची तर मागे ओढायचं. तोच बाईचा रेग्युलेटर. अरुंद तोंडाच्या चुलीला जळण बारीक फोडून लागतं. ते फोडणार कोण? जिचा त्रास वाचवायला चूल आणली, तीच. पुन्हा धूरही सगळाच वाईट नसतो तिच्या लेखी. चुलीच्या वर टांगलेल्या मांडणीवर पावसाळ्यात आमसुलं, सुकी मासळी, बियाणं त्याच धुराने टिकतं, आणि कौलांखालचे वासे किडीपासून वाचतात. धुराड्याने तो धूर बाहेर काढला तेव्हा हे काम आता कशाने करायचं, हा प्रश्न तिला पडला. आपल्याला पडला नव्हता.

सुधारलेली चूल मुळातच नको होती, असा याचा अर्थ नाही. धुराने बायकांचे डोळे आणि छाती जाते, यात शंका नाही. पुण्याच्या आरती या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, हे काम पुढे निराळ्या अंगाने केलं: गावातल्या कुंभारांना, गवंड्यांना, बायकांना चुली बनवायला शिकवायचं, आणि त्यांनी त्या विकायच्या. विकणारी गावातलीच असली की गिऱ्हाईक तिला वाटेत अडवून सांगतं, तुझ्या चुलीवर भाकरी फुगत नाही म्हणून. तिथे शिष्टाचार आड येत नाही. एवढ्या एका बदलात हजार प्रश्नावल्यांचं काम होतं.

प्रश्नावलीविषयी आणखी थोडं. घराघरांत गॅस आल्यावर पाहणीत विचारतात, ‘स्वयंपाक कशावर करता?’ उत्तर येतं, ‘गॅसवर.’ उत्तर खरं असतं. पण पहाटे याच घरामागे न्हाणीच्या चुलीतून धूर निघत असतो, कारण सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी चुडतांवर तापतं. भात उकडायचा असेल तर मोठं भांडं अंगणातल्या तीन चिऱ्यांवर चढतं. बाई खोटं बोललेली नाही. आपण विचारलं स्वयंपाकाचं, तिने सांगितलं स्वयंपाकाचं. पहाटे त्या घरी कुणी गेलं असतं तर एका नजरेत कळलं असतं.

म्हणून विचारायचं तर कालचं विचारावं, असं मी शिकाऊ मुलांना सांगत असते. ‘तुम्ही साधारणपणे काय करता?’ म्हटलं की माणूस आपला शहाणासुरता दिवस सांगतो. ‘काल संध्याकाळी काय रांधलंत? लाकडं कुणी आणली? पेटायला वेळ लागला का?’ म्हटलं की काल आलेला पाऊस, ओली लाकडं, रडणारं मूल, सगळं त्यात येतं. आणि ‘सांगा’ म्हणण्यापेक्षा ‘दाखवा’ म्हणावं. हात जे करतात त्यातलं अर्धंअधिक तोंडाला सांगताच येत नाही. उत्तर आल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकू नये. थोडं गप्प बसावं. खरी गोष्ट बहुतेक वेळा त्या गप्पपणानंतर येते, ‘पण खरं सांगू का...’ अशी सुरुवात होऊन.

झीज बघावी. आरवलीच्या वेतोबाला आपण वहाणा वाहतो. देव रात्री गावाची राखण करीत फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, ही इथली श्रद्धा. कोण किती चाललं हे तळव्याच्या झिजेवरून कळतं, ही नजर या मुलखाला मुळातच आहे. हत्याराची मूठ कुठे गुळगुळीत झाली आहे, पायरी कुठे खोल गेली आहे, फोनच्या कुठल्या कोपऱ्यावर काच तडकली आहे, कुठे दोरी बांधली आहे, कुठे चिंधी गुंडाळली आहे, हे सगळं त्या माणसाने न बोलता दिलेलं उत्तर असतं.

आता जरा दूर, महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत जाऊ. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. सरकारी इस्पितळ असूनही आदिवासी तिकडे फिरकत नाहीत, याचं ठरलेलं उत्तर सगळ्यांकडे तयार होतं: अडाणी आहेत, मांत्रिकाकडे जातात. बंग दांपत्याने लोकांनाच विचारलं, तुम्ही का येत नाही, आणि दवाखाना कसा असला तर याल? उत्तरं वैद्यकाच्या पुस्तकात कुठेच नव्हती. डॉक्टर आणि नर्स पांढरे कपडे घालतात. आम्ही मेलेल्या माणसाला पांढऱ्यात गुंडाळतो. आजाऱ्याला आत ठेवून घेता आणि नातेवाइकांना बाहेर काढता; मग त्याच्याजवळ कोण? त्या भल्यामोठ्या इमारतीत जीव घाबरा होतो. ‘सर्च’च्या शोधग्राम या आवारातला दवाखाना मग झोपड्यांचा झाला, आदिवासी पाड्यासारखा. आजाऱ्याबरोबर त्याची माणसं राहतील असा. नाव मिळालं त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी दवाखाना.

यात वास्तुशास्त्राचा चमत्कार नाही. खुर्चीतल्या माणसाला न विचारता खाटेवरच्या माणसाला विचारलं, इतकंच. पण ते करायला धाडस लागतं, कारण मिळालेलं उत्तर आपल्या शिक्षणाच्या विरोधात जाण्याची शक्यता असते, आणि मग ते मानावं लागतं. पांढरा कोट हा डॉक्टरचा मान. तो उतरवायचा तर आधी तो कुणासाठी चढवला होता, हे स्वतःशी कबूल करावं लागतं.

राणीताईंचं काम याहून अवघड होतं. स्त्रियांच्या अंगावरच्या दुखण्यांविषयी त्या काळी गावपातळीवरची माहितीच नव्हती, कारण कुणी विचारलंच नव्हतं आणि बायकांनी सांगितलं नव्हतं. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांना तपासून त्यांनी जो अभ्यास केला तो १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला: ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होता, आणि त्यातल्या फार थोड्या जणींची पूर्वी कधी तपासणी झाली होती. जगभर हा अभ्यास गाजला. विचारणारी बाई, तीही त्यांच्यात वावरणारी, म्हणून हे आकडे हाती आले. दाराआडच्या त्या ‘ह्येंका इचारा’च्या मागे काय काय दडलेलं असतं, याचा यापेक्षा मोठा पुरावा मला माहीत नाही.

त्याच संस्थेतली एक छोटी वस्तू मी डिझाइनच्या वर्गात नेहमी सांगते. तान्ह्या बाळाला न्यूमोनिया आहे का, हे मिनिटाला श्वास किती यावरून ओळखता येतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ, त्याहून मोठ्याचे पन्नास, ही सीमा. पण गावातल्या सुइणीला साठपर्यंत मोजता येत नाही, आणि तिच्याकडे घड्याळ नाही. सर्वांत सोपा निष्कर्ष काय निघाला असता? सुईण या कामाला नालायक. किंवा, तिला आधी अंक शिकवा. बंगांनी तिला काय येतं ते बघितलं. दहापर्यंत मोजता येतं. मग एका फळीवर मिनिटभराची वाळूची घटिका बसवली आणि मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर बाळाला न्यूमोनिया. लहान बाळासाठी एक ओळ, मोठ्यासाठी दुसरी. त्यात साक्षरता लागत नाही, वीज लागत नाही. सुइणीला कमी काय येतं यावर नजर ठेवणाऱ्याला ही फळी कधीच सुचली नसती.

आपल्या किनाऱ्यावर परत येऊ. सिंधुदुर्गच्या समुद्रातल्या जैवविविधतेसाठी संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा प्रकल्प इथे काही वर्षं चालला. त्यात कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने ट्रॉलरच्या जाळ्यात एक बदल सुचवला. मासळी साठते तो जाळ्याचा शेवटचा भाग चौकोनी आसाचा, म्हणजे चौकोनी भोकांचा, करायचा, चाळीस मिलिमीटरचा. नेहमीचा आस शंकरपाळ्यासारखा तिरका असतो. जाळं ओढलं की ताणाने तो मिटतो आणि अंगठ्याएवढं पिल्लूही आत अडकतं. चौकोनी आस ताणातही उघडा राहतो, पिल्लं निसटतात. कागदावर हे कुणालाही पटेल. पण मच्छीमाराला ‘पिल्लं वाचवा’ म्हटलं की तो ‘होय’ म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी जुनंच जाळं घेऊन जातो, कारण त्याला भीती असते की पिल्लांबरोबर मोठी मासळीही जाईल. ती भीती बोलून जात नाही. जाळी मच्छीमारांच्याच होड्यांवर चढवली, त्यांच्याच पाण्यात ओढली, आणि काय आलं, काय गेलं ते त्यांच्याच डोळ्यांसमोर पडलं, तेव्हा गोष्ट पुढे सरकली. पुढे राज्याने चौकोनी आस सक्तीचा केला. नुसता नियम आधी आला असता तर त्याची गत चुलींसारखी झाली असती, असं माझं मत आहे.

इथेही विचारायचं कुणाला, हा प्रश्न आहेच. ट्रॉलरचा मालक डिझेलचा हिशेब सांगेल. तांडेल सांगेल जाळं ओढताना होडी कशी वागते ते. आणि डेकवर उकिडवं बसून मासळी निवडणारा खलाशी सांगेल की खच कमी आला म्हणून आज झोप मिळाली. जाळं एक, पण त्याचे वापरणारे तीन. तिसऱ्याला सहसा कुणी विचारत नाही, आणि जाळं फाटलं तर ते शिवायला बसणारा तोच.

आता ही सगळी साधनं फोनमध्ये शिरू लागली आहेत. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहायचं, फोनने पिकाचा फोटो काढायचा, नोंद करायची. कल्पना चांगली आहे. आपल्या पिकाची नोंद आपल्या हातात आली. पण कोकणातला सातबारा डोळ्यांसमोर आणा. एकाच सातबाऱ्यावर भावाभावांची, चुलत्यांची, त्यांच्या मुलांची नावं. त्यातले निम्मे परळ-लालबागमधून आता विरार-डोंबिवलीला गेलेले, गणपतीला आणि शिमग्याला येणारे. काजूची बाग बघते ती गावात राहिलेली म्हातारी चुलती किंवा वाटेकरी, ज्याचं नाव त्या कागदावर कुठेच नाही. फोन आहे तो नातवाचा, आणि बाग डोंगराच्या पलीकडे, जिथे रेंज नाही. ज्याचं नाव आहे तो तिथे नाही, जो तिथे आहे त्याचं नाव नाही. सपाटीवरचा एक खातेदार, एक शेत, एक पीक हे चित्र धरून केलेलं साधन इथे अडणारच. दोष कुणाच्या हेतूत नाही. पण असं कुठलंही ॲप करण्याआधी ते करणाऱ्या मंडळींनी कुडाळला उतरून एका चुलतीबरोबर तिच्या बागेपर्यंत चालत जावं, एवढी माझी मागणी आहे. तेही मे महिन्यात नको. जुलैत, छत्री एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात असताना.

मराठी टंकनाच्या बाबतीत आपल्याकडे हे झालेलं आहे. आयआयटीच्याच केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्वरचक्र’ हा फोनवरचा कळफलक केला. अक्षरांची मांडणी शाळेत पाठ केलेल्या मुळाक्षरांच्या क्रमाने, आणि व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती बाराखडीचं चक्र उघडतं. ज्याने कधी टंकन शिकलेलं नाही त्याच्या डोक्यात आधीपासून काय आहे, याचा विचार त्यात आहे. सुइणीच्या दहा बोटांना पुरेल एवढी मोजणी आणि आपली बाराखडी, दोन्हीकडे आरंभ वापरणाऱ्याच्या जवळ असलेल्या भांडवलापासून झाला.

एक आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो. प्रत्येक वस्तूसाठी घरोघर बसायचं तर आयुष्य जाईल. आणि लोकांना सगळंच कुठे कळतं? दुसऱ्या भागाशी मी सहमत आहे. बागायतदाराला विचारून संकरित आंबा निघत नाही. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ निघाला तो शास्त्रज्ञांच्या ज्ञानातून. उपाय काय, हे वापरणाऱ्याने सांगावं अशी अपेक्षाच चुकीची. त्याने अडचण दाखवावी, उपाय जाणत्याने शोधावा. आणि वेळेचं म्हणाल तर फार घरं लागत नाहीत. दहा ठिकाणी नीट बसलं तर निम्म्याहून अधिक गोष्टी पुन्हा पुन्हा दिसायला लागतात. नीट बसलं तर. धावत्या भेटीत हजार घरं केली तरी हजार वेळा ‘बरा आसा’ एवढंच हाती येतं.

इथे महाविद्यालयातले बरेच विद्यार्थी बसलेले दिसतात, कारखानदारही आहेत, म्हणून शेवटी एक नेमकी सूचना मांडते. येत्या हंगामात बी यायला लागली की दोघादोघांनी एकेका कारखान्यात कटिंगच्या टेबलाशी एक पाळीभर बसावं. छापील प्रश्नावली नको, साधी वही पुरे. कुठे चिंधी आहे, कुठे चिरा आहे, मोज्याचं कुठलं बोट कापलं आहे, तेवढं चित्र काढून आणावं. आणि कारखानदारांनी पुढचं यंत्र विकत घेण्याआधी ते दोन बायकांना आठवडाभर चालवायला द्यावं, एक जुनी आणि एक याच हंगामात लागलेली. वेंगुर्ला-४च्या बीवर वेगळं, वेंगुर्ला-७च्या बीवर वेगळं. खरेदीच्या कागदावर पसंतीची सही त्या दोघींची असावी. आणि त्या आठवड्याची त्यांची मजुरी नेहमीच्या सरासरीने, पूर्ण द्यावी. त्यांचा हिशेब किलोवर चालतो. नव्या यंत्रावर हात बसेपर्यंत किलो कमीच भरणार, आणि आपल्या माहितीची किंमत त्यांच्या पगारातून कापली जाता कामा नये.